तणावाखाली असलेली मुले चर्चच्या तरुण संघात टिकत नाहीत. नेमके काय बदलावे?

रविवारची ताई (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या चर्चच्या मंडळीत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा तरुण संघ आहे आणि गेली चार वर्षे मी व आणखी एक सेवक मिळून तो चालवतो. दर रविवारी उपासनेनंतर आम्ही दीड तास भेटतो. दोन गीते, शास्त्रवाचन, चर्चा, एखादा खेळ आणि शेवटी प्रार्थना, असा आमचा ठरलेला क्रम आहे. दोन वर्षांपूर्वी नोंदवहीत 24 नावे होती. आज प्रत्यक्ष येणारी मुले नऊ-दहा आहेत. गळालेल्यांपैकी बहुतेक जण मोठ्या परीक्षेच्या वर्षात आहेत आणि ‘वेळ मिळत नाही’ हे सगळ्यांचे एकच उत्तर असते. मला ते पुरते पटत नाही, कारण त्यांच्यापैकी काही जण आईवडिलांबरोबर उपासनेला नियमित येतात आणि नंतर संघाच्या खोलीकडे न वळता फाटकाशी मोबाइल बघत उभे राहतात.

मला हे लिहायला लावणारा प्रसंग मागच्या महिन्यातला आहे. प्रार्थनेचे विषय सांगण्याची फेरी चालू होती आणि एकामागून एक सगळे जण ‘परीक्षा’ एवढेच म्हणत होते. पंधरा वर्षांच्या एका मुलीने मान हलवून आपली पाळी पुढे ढकलली. सगळे गेल्यावर ती गीतांची पुस्तके कपाटात रचत मागे राहिली. रचलेला गठ्ठा पुन्हा उचलायची, कडा जुळवायची, परत ठेवायची. तिसऱ्यांदा तसे करताना माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “ताई, मला रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठावंसंच वाटत नाही.” मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, “प्रार्थना कर, सगळं ठीक होईल.” तिने होकार दिला, शेवटचे पुस्तक ठेवले आणि ती निघून गेली. त्यानंतरचे दोन्ही रविवार ती आलेली नाही.

माझे काहीतरी चुकले हे मला त्याच क्षणी जाणवले होते, पण त्या जागी काय बोलायला हवे होते हे मला आजही सांगता येत नाही. अशा मुलांना आपले माणूस आणि आपली जागा मिळाली असे वाटावे, यासाठी संघाच्या रचनेत काय बदल करावा, आणि आमच्यासारख्या प्रशिक्षण नसलेल्या सेवकांनी कुठपर्यंत जावे व कुठे थांबावे, याविषयी अनुभवी लोकांनी लिहावे ही विनंती.

जुना सेवक

ताई, संघ गळण्याचे कारण वेळेत शोधण्याआधी एक हिशेब करून पाहा. तुमच्या दीड तासात अशी किती मिनिटे आहेत, की ज्यांत मुलाला कोणी तपासत नाही, निवडत नाही आणि कोणाशी तुलनाही करत नाही? मी हा हिशेब आमच्या संघाचा केला तेव्हा उत्तर जवळपास शून्य आले होते. आमच्या खोलीच्या भिंतीवर बायबलमधील वचनांच्या पाठांतराचा तक्ता होता आणि त्यावर नावापुढे चांदण्या चिकटवल्या जात. उपस्थितीचे गुण वेगळे, शास्त्रावरील प्रश्नमंजूषेचे वेगळे, आणि सणाच्या गीतात पुढे कोण उभे राहणार याची निवड वेगळी. आठवडाभर गुणांच्या काट्यावर चढलेल्या मुलाला आम्ही रविवारी दुसऱ्या काट्यावर चढवत होतो आणि वर त्याला संगती म्हणत होतो. शेवटी तक्ता काढून टाकला. त्याबद्दल एकाही मुलाने चौकशी केली नाही. चौकशी केली ती एका आईने, जिचा मुलगा पहिला होता.

1780 च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली, तेव्हा ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी होती. त्यांना मोकळा असा एक रविवारच मिळे आणि शिकणे हीच त्यांच्या वाट्याला न आलेली गोष्ट होती, म्हणून त्या काळी शाळा हे अगदी योग्य उत्तर होते. आजच्या मुलाच्या वाट्याला शाळा इतकी येते, की तिचे पाणी डोक्यावरून गेलेले असते. त्याच्या वाट्याला येत नाही ते दुसरेच काही: निवांत बसलेला, घड्याळ न बघणारा, आईवडील नसलेला आणि तरीही आपला वाटणारा मोठा माणूस. आपण मात्र अडीचशे वर्षांपूर्वीच्या गरजेचे उत्तर आजही वाटत बसलो आहोत.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. पहिली वीस मिनिटे आम्ही रिकामी ठेवली. खुर्च्या ओळीत न मांडता तीन-चारच्या पुंजक्यांत मांडल्या आणि सेवकांनी मुलांच्या आधी येऊन बसायचे असे ठरवले. सुरुवातीचे काही रविवार ती वीस मिनिटे फार अवघड गेली. मुले भिंतींना टेकून मोबाइल बघत राहिली आणि आमच्यातल्याच एका सेवकाने ‘हा वेळ वाया जातो आहे’ म्हणून तक्रार केली. साधारण सहाव्या आठवड्यापासून आवाज वाढू लागला. दुसरे म्हणजे, प्रत्येक सेवकाकडे तीन किंवा चारच मुले दिली. त्या मुलांची परीक्षा कधी आहे, घरात कोण आजारी आहे, कोणाची मैत्री तुटली आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. मूल आले नाही तर न येण्याचा जाब विचारायचा नाही. ‘आज तुझी आठवण झाली’ एवढा एक निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची नाही.

त्याच्याही पुढची एक गोष्ट आहे. अमेरिकेतील फुलर युथ इन्स्टिट्यूट ही संस्था तरुणांच्या श्रद्धेवर काम करते. पाच मुलांमागे एक मोठा माणूस हे नेहमीचे गणित उलटे करून एका मुलामागे पाच मोठी माणसे असावीत, असा विचार तेथे मांडला गेला आहे. ऐकायला ते अशक्य वाटते, पण पाच संघसेवक असा त्याचा अर्थ नाही. गीतमंडळातली बाई, दानपेटी मोजणारे काका, बाकावर शेजारी बसणारी आजी, अशा पाच जणांना त्या मुलाचे नाव ठाऊक असावे आणि त्यांनी ते नाव घेऊन त्याला हाक मारावी, इतकाच त्याचा व्यवहारातला अर्थ मी घेतो. संघाच्या खोलीत कोंडलेला तरुण संघ एक दिवस संपतो, कारण मुले अठरा वर्षांची होतात आणि बाहेरच्या मंडळीत त्यांना ओळखणारे कोणीच नसते.

परीक्षेच्या महिन्यात सभा बंद ठेवण्याची पद्धत आमच्याकडेही होती आणि ती मला आता साफ चुकीची वाटते. सभा पंचेचाळीस मिनिटांची करा, चर्चा गाळा, पण दार उघडे ठेवा. राहिला प्रश्न आकड्याचा. 1844 च्या जूनमध्ये लंडनमध्ये यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन (वायएमसीए) ही तरुणांची संघटना सुरू झाली, ती जॉर्ज विल्यम्स या बावीस वर्षांच्या कापडदुकानातल्या नोकराने आपल्या अकरा सोबत्यांसह. तासन्‌तास राबणारे ते सगळे एकाच ओझ्याखालचे होते आणि बारा जण त्यांना पुरले. तेव्हा नऊ मुले उरली म्हणून खंत करू नका.

शाळेतील समुपदेशिका

मी शाळेत समुपदेशनाचे काम करते आणि रविवारी मंडळीत संडे स्कूलचा एक वर्ग घेते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहू शकेन. आधी त्या मुलीबद्दल लिहिते, कारण रचनेचा विचार महिनाभर थांबू शकतो, तिचे थांबू शकत नाही.

ताई, तुम्ही वाईट काही बोलला नाहीत. तुम्ही बोलणे संपवलेत. ‘सगळं ठीक होईल’ या वाक्यानंतर समोरच्याला बोलायला जागा राहत नाही. त्या जागी ‘हे केव्हापासून होतंय?’ असा साधा प्रश्न विचारून खाली बसणे पुरेसे होते. उभ्या माणसाशी मुले थोडक्यात बोलतात. आताही उशीर झालेला नाही. येत्या रविवारची वाट न बघता तिला भेटा आणि सरळ सांगा, की त्या दिवशी तू काही सांगत होतीस आणि मी नीट ऐकले नाही, आज ऐकायला आले आहे. मोठ्या माणसाने चूक कबूल केलेली मुलांनी फार क्वचित पाहिलेली असते.

ऐकताना काही गोष्टींकडे लक्ष ठेवा. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि झोप उशिरा येते, तरी आठ ते दहा तासांची झोप त्यांना लागतेच. म्हणून थोडी ओढाताण बहुतेक मुलांची असते. पण उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला असेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, जेवण बदलले असेल, आपल्या वस्तू वाटून टाकणे किंवा ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो’ असे बोलणे सुरू झाले असेल, तर तो परीक्षेचा ताण म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी ‘मरून जावं असं मनात येतं का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले म्हणून मुलांना हायसे वाटते. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी पालक व डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचा.

‘कोणाला सांगणार नाही ना?’ असे ती आधी विचारील. तसे वचन कधीही देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत मागावी लागेल, पण कोणाला आणि काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू,’ असे म्हणता येते आणि ते पाळताही येते. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. घरातल्याच कोणाकडून तिला इजा होत असेल, तर आधी घरी कळवण्याची घाई करू नये. पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आणि बालसंरक्षणाचे काम करणाऱ्यांना विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार 10 ते 19 वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला मानसिक आजार असतो. तुमच्या नोंदवहीतल्या 24 नावांना हे गणित लावले तर तीन-चार मुले होतात. म्हणजे हा अपवाद धरून चालणारा विषय नाही. त्या मुलांना ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असे कोणी ऐकवत असेल, मग तो कितीही भक्तिमान असो, त्याला संघाच्या खोलीपासून दूर ठेवा. प्रार्थना आणि उपचार ही एकमेकांच्या आड येणारी कामे नाहीत. डॉक्टरकडे जाणाऱ्या मुलासाठी प्रार्थना करायला कोणाची ना नाही.

प्रशिक्षण नसलेल्या सेवकाने कुठे थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. चॅड व्हारा या अँग्लिकन धर्मगुरूने आपल्या सेवेच्या सुरुवातीला, 1935 मध्ये, आत्महत्या केलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला होता. तिला मासिक पाळी आली होती आणि तो काहीतरी भयंकर रोग आहे असे ती समजली होती. विचारायला तिला कोणी नव्हते. 1953 मध्ये त्यांनी लंडनच्या एका चर्चमधून दूरध्वनीवर लोकांशी बोलण्याचे काम सुरू केले, तेच पुढे समॅरिटन्स या, खचलेल्या माणसांचे ऐकून घेणाऱ्या संस्थेच्या रूपाने वाढले. त्यांना लवकरच दिसून आले, की त्यांना भेटण्यासाठी थांबलेले लोक बाहेर बसलेल्या साध्या स्वयंसेवकांशी बोलूनच हलके होत आहेत आणि पुष्कळांना आत येण्याची गरजही उरत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे काम स्वयंसेवकांकडे सोपवले. म्हणून म्हणते, ऐकायला पदवी लागत नाही. निदान करणे, औषधाविषयी मत देणे, घरातल्या भांडणात न्यायाधीश होणे, ही कामे मात्र तुमची नाहीत.

आणखी दोन गोष्टी. प्रार्थनेचे विषय म्हणून मुलांची गुपिते मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे. हेतू चांगला असतो, पण मूल एकदा पोळले की पुन्हा तोंड उघडत नाही. प्रार्थनेच्या फेरीत ‘बोलण्याची पाळी पुढे ढकलण्याचा’ हक्क सगळ्यांना आधीच द्या. दुसरे, एका मुलासोबत एक मोठा माणूस बंद खोलीत कधीच नसावा. बोलणे खाजगी असू द्या, पण दार उघडे आणि दुसरा सेवक नजरेच्या टप्प्यात. रात्री उशिरा वैयक्तिक निरोपांवर लांबलचक बोलणे टाळावे आणि संघात कोण कोणाशी संपर्कात आहे हे पालकांना माहीत असावे. हा नियम मुलांच्या रक्षणासाठी आहेच, सेवकांच्याही आहे.

मंडळीतील एक वडील

वरील उत्तरे वाचली. लिहिणाऱ्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही, तरीही वडीलमंडळात, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या मंडळात, काम करणारा म्हणून एक हरकत नोंदवतो. पाठांतर काढले, चर्चा गाळली, पहिली वीस मिनिटे गप्पांना दिली, तर मग तरुण संघात आणि कोणत्याही मनोरंजन मंडळात फरक काय राहिला? आमच्या पिढीला वचने पाठ करवून घेतली गेली म्हणूनच संकटाच्या वेळी ती ओठांवर आली. आईवडील मुलांना आमच्याकडे धर्मशिक्षणासाठी पाठवतात. मुलांचे ताण हाताळणे हे महत्त्वाचे आहे, पण त्या नादात शिकवण पातळ होत गेली तर दहा वर्षांनी मंडळीत काय उरेल, याचाही विचार व्हावा.

जुना सेवक

काका, पाठांतराला माझा विरोध नाही. मलाही एकेकाळी पाठ केलेल्या स्तोत्रांनीच तारले आहे. माझा आक्षेप चांदण्यांना आहे. वचन पाठ आहे म्हणून कौतुक आणि नाही म्हणून रिकामा चौकोन, यातून मूल वचनाविषयी जे शिकते ते आपल्याला नको असलेले आहे. आमच्याकडे आजही महिन्याला एक स्तोत्र पाठ होते, पण सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. कोणाचे अडले ते त्या आवाजात कोणाला कळत नाही.

शिकवणीबद्दल म्हणाल तर बायबलमधील पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय आपणच आम्हाला शिकवला आहे. संदेष्टा एलीया पळून पळून थकला, रानातल्या झुडपाखाली बसला आणि मला आता मरण दे म्हणाला. त्या वेळी आलेल्या देवदूताने त्याला उपदेश केला नाही, त्याच्या विश्वासाची झाडाझडती घेतली नाही. त्याला स्पर्श केला, ऊठ, खा म्हणाला, आणि तो पुन्हा झोपला तर झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवले तेव्हाही आधी खायलाच सांगितले, कारण पुढची वाट लांबची होती. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला विचारला गेला तो चाळीस दिवसांनंतर, आणि ज्याने विचारला त्याने उत्तर पुरते ऐकून घेतले. अध्यायाच्या शेवटी तर त्याला अलीशाच्या रूपाने सोबती मिळतो. झोप, अन्न, स्पर्श, ऐकणे आणि सोबत, हा क्रम शास्त्रातलाच आहे. आम्ही फक्त पहिली वीस मिनिटे त्या क्रमाला दिली आहेत.

एकोणिसावे वर्ष

मी वयाने लहान आहे, पण अलीकडेपर्यंत अशाच संघात होतो, म्हणून लिहितो. शेवटच्या वर्षी मी दोनदा नापास होण्याच्या काठावर होतो आणि घरी, शाळेत, नातेवाइकांत, सगळीकडे संभाषणाची सुरुवात ‘अभ्यास कसा चाललाय?’ या प्रश्नाने व्हायची. आमच्या संघातल्या दादाने मला तो प्रश्न एकदाही विचारला नाही. त्याने मला ध्वनियंत्रणेच्या टेबलावर बसवले. तिथे मागे बसता येते, गावे लागत नाही, पुढे यावे लागत नाही आणि तरी तुमच्यावाचून उपासना सुरू होत नाही. सुमारे आठ महिने आम्ही वायर गुंडाळण्यापलीकडे विशेष काही बोललो नाही. नवव्या महिन्यात मी बोललो.

तेव्हा ताई, शांत बसणाऱ्या मुलाला बोलते करण्याची घाई करू नका, त्याला खरे काम द्या. खरे म्हणजे जे त्याने केले नाही तर अडेल असे. मुलांना खोटे काम लगेच ओळखू येते. पण तेच मूल पुढे प्रत्येक कामाला जुंपले जाणार नाही हेही बघा. आमच्यातल्या एका गुणी मुलीला गीतमंडळ, संडे स्कूल आणि सजावट अशी तिन्ही कामे लावली गेली आणि ती थकून मंडळीच सोडून गेली.

आणखी एक. मी दुसऱ्या धर्माच्या एका मित्राला घेऊन जायचो. त्याला तिथे बरे वाटायचे, कारण त्याला कोणी गळाला लावायचा प्रयत्न केला नाही आणि तो येतो हे त्याच्या आईला माहीत होते. ताणात असलेल्या मुलाला आपल्याकडे ओढण्याची संधी म्हणून जर कोणी बघत असेल, तर मुले ते ओळखतात आणि पुन्हा येत नाहीत.

रविवारची ताई

सर्वांचे मनापासून आभार. समुपदेशिकाताईंचे उत्तर वाचून मी दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला भेटले. सोबत आमच्या गीतमंडळातल्या, तिच्या ओळखीच्या एका बाई होत्या, त्या व्हरांड्यात थांबल्या. मी ‘त्या दिवशी मी नीट ऐकलं नाही’ म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बोलली ती जवळजवळ तासभर. स्पष्ट विचारायचा तो प्रश्नही मी विचारला. विचारताना माझाच आवाज कापत होता. उत्तर ‘नाही, पण सगळं थांबावं असं वाटतं’ असे आले. आईला काय सांगायचे याची तीन वाक्ये आम्ही दोघींनी तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली आणि तिने ती स्वतःच वाचून दाखवली. या आठवड्यात ती घरच्यांबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आली आहे.

संघात ती अजून परतलेली नाही आणि मी विचारलेलेही नाही. जाताना तिने एवढेच विचारले, की पुस्तकांच्या कपाटाचे काम दुसऱ्या कोणाला दिले का. मी नाही म्हणाले.

वडीलमंडळापुढे पुढच्या महिन्यात बोलायचे आहे. तक्ता, प्रार्थनाविषयांचा ग्रुप आणि परीक्षेच्या महिन्यातली सुट्टी हे तीनच विषय मांडणार आहे. काकांची हरकत आमच्याकडेही येणार हे नक्की, म्हणून एलीयाचा अध्याय सोबत नेत आहे. मुलांशी वागण्याचे लेखी नियम कोणाच्या मंडळीने केले असतील आणि त्यांवर पालकांची सही कशी घेतली जाते याचा अनुभव असेल, तर तो कृपया इथे लिहावा.